प्रायश्चित्ताची कोठडी

ख्रिस्ती चर्चमध्ये 'पेनिटन्स' म्हणजे पापाची कबुली, पश्चात्ताप आणि त्यासाठी घ्यायचं प्रायश्चित्त. व्हॅटिकनमध्ये अशा बाबी पाहणाऱ्या न्यायपीठाला आजही पेनिटेन्शरीच म्हणतात. तुरुंगाला हे नाव चिकटलं ते अठराव्या शतकात. 1779च्या ब्रिटिश कायद्यात ते आलं आणि अमेरिकेत घट्ट रुजलं.

फिलाडेल्फियाची ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी 1829मध्ये सुरू झाली. मी ती पाहिली तेव्हा कोठड्यांचा गिलावा गळत होता, पण छतातला झरोका शाबूत होता. उजेड यायचा तो तेवढ्यातूनच. पहिला कैदी चार्ल्स विल्यम्स, एक शेतकरी. घड्याळ वगैरे चोरल्याबद्दल त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली होती. आत नेताना डोक्यावरून बुरखा ओढायचे, म्हणजे त्याने कुणाला पाहू नये आणि त्यालाही कुणी ओळखू नये. सोबतीला बायबल, हाताला काम, मागे भिंतींनी वेढलेलं छोटं अंगण. शेजारच्या कोठडीत कोण आहे, हे त्याला कळू द्यायचं नाही.

हे ठरवणारे लोक निर्दय नव्हते, आणि मला तेच सर्वांत जास्त छळतं. डॉक्टर बेंजामिन रश, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी, 1787मध्ये तुरुंगातले हाल कमी करण्यासाठी निघालेली त्यांची संस्था. फटके आणि भर चौकातली विटंबना थांबावी म्हणून हे लोक झटत होते. माणूस एकटा राहिला की अंतरीचा आवाज ऐकेल, अशी त्यांची खरीखुरी श्रद्धा होती. 1842मध्ये चार्ल्स डिकन्स इथे येऊन गेला आणि मनाचा हा छळ शरीराच्या कोणत्याही छळाहून वाईट आहे, असं त्याने लिहिलं.

मला वाटतं, या सुधारकांच्या हातून प्रायश्चित्ताचा अर्धा भाग सुटला. जुन्या चर्चमध्ये पापी माणसाला उपासनेच्या पंगतीबाहेर ठेवत, पण ईस्टरआधीच्या गुरुवारी सर्वांसमक्ष परत आत घेत. परत घेणारी माणसं कोठडीत कुठून येणार?

ईस्टर्न स्टेटमध्ये गर्दी वाढली, एकेका कोठडीत दोघे-दोघे राहू लागले. 1913मध्ये एकांताची ही पद्धत अधिकृतपणे सोडून दिली गेली. तोवर एकांतकोठडीची कल्पना जगभर गेली होती. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्येही मधल्या मनोऱ्यापासून सात शाखा फुटलेल्या आणि माणशी एक कोठडी. तिथे पश्चात्तापाचं नावही कुणी काढलं नाही. राजबंद्यांना कोलूला जुंपून दिवसाला ठरलेलं तेल काढायला लावलं.