मांडूवरून गेलेले फरारी

कॅथलिक-प्रोटेस्टंट वैराच्या काळातल्या रहस्यकथा मी मिळतील तिथून वाचते. पण आमच्या माळव्यातून गेलेल्या एका खऱ्या प्रकरणापुढे त्या मला फिक्या वाटतात.

१५८३ साली जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि चितारी जेम्स स्टोरी हे चौघे इंग्रज होर्मुझला पकडले गेले. चुगली केली मिकेले स्ट्रोपेने या व्हेनिसच्या व्यापाऱ्याने. आरोप हेरगिरीचा. पोर्तुगालची गादी तेव्हा स्पेनच्या कॅथलिक फिलिपकडे, आणि हे एलिझाबेथ राणीच्या प्रोटेस्टंट मुलखातले. गोव्याच्या तुरुंगात त्यांना वाली कोण?

वाली झाला एक जेझुइट पाद्री. थॉमस स्टीफन्स, पुढे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारा. कॅथलिक श्रद्धेपायी त्याने इंग्लंड सोडलं होतं. त्याचा मित्र थॉमस पाऊंड तिकडे कैदेत होता. असा माणूस या चौघांसाठी व्हाइसरॉयकडे रदबदली करतो आणि डिसेंबरात ते जामिनावर सुटतात. का? आर्चबिशपच्या पदरी असलेला डच लिन्सखोटेन लिहितो की जेझुइटांचा डोळा त्यांच्या पैशावर होता. स्टोरी त्यांच्याकडे चित्रं काढायला राहिलाही. मला मात्र हे कारण अपुरं वाटतं. घरापासून इतक्या दूर स्वतःच्या बोलीतली चार वाक्यं कानावर पडली, तर माणूस पंथ विचारत बसेल?

एप्रिल १५८४ मध्ये बाकीचे तिघे नदी ओलांडून पळाले. बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा, बऱ्हाणपूर करत ते मांडूला आले, तिथून उज्जैन आणि सिरोंज. पुढे पावसाने फुगलेल्या नद्या कित्येकदा जिवावर उदार होऊन पोहत पार केल्याचं फिच सांगतो. माळव्यातला पावसाळा ज्याने पाहिलाय त्याला हे पटेल.

लीड्स फतेहपूर सिक्रीत अकबराच्या चाकरीत राहिला. न्यूबेरी लाहोरच्या वाटेला लागला आणि त्याचा मागमूस राहिला नाही. फिच १५९१ साली लंडनला पोहोचला; पुढे ईस्ट इंडिया कंपनी उभी राहताना त्याचा सल्ला घेतला गेला. निघताना या मंडळींजवळ राणीचं अकबराला लिहिलेलं पत्र होतं. म्हणजे पोर्तुगीजांचा संशय अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. स्टीफन्सला त्या पत्राचा पत्ता होता का, हे ज्याला शोधावंसं वाटेल त्या मराठी कादंबरीकाराची मी वाट पाहते आहे.