प्रवणतांक

एखादी व्यक्ती विशिष्ट उपचार घेणाऱ्या गटात असण्याची, तिच्या नोंदवलेल्या पूर्वगुणांवरून काढलेली संभाव्यता. सांख्यिकीत ती ‘प्रॉपेन्सिटी स्कोअर’ या नावाने रूढ आहे. पॉल रोझेनबॉम व डॉनल्ड रुबिन यांनी १९८३ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ही संकल्पना मांडली.

मानसशास्त्रात घटस्फोट, आघात किंवा स्वेच्छेने घेतलेले समुपदेशन यांचे परिणाम तपासताना चिठ्ठ्या टाकून गट पाडता येत नाहीत. समुपदेशनाला येणारे बहुधा मुळातच अधिक खचलेले असतात. त्यामुळे पुढे त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त नैराश्य आढळले, तरी तेवढ्यावरून समुपदेशन निरुपयोगी ठरत नाही.

कार्यपद्धती : वय, पूर्वीचे नैराश्य, कौटुंबिक स्थिती इत्यादी चलांवरून, बहुधा लॉजिस्टिक रिग्रेशनने, प्रत्येकाचा प्रवणतांक काढतात. मग समान अंकांच्या व्यक्तींच्या जोड्या लावतात, अंकांनुसार स्तर पाडतात किंवा व्यस्त भार देतात. उदा., प्रवणतांक ०.२ असूनही उपचार घेतलेल्या व्यक्तीला १ ÷ ०.२, म्हणजे ५ इतका भार मिळतो. त्यानंतर दोन्ही गटांत पूर्वगुणांचा समतोल साधला का, हे पाहतात; सरासरींतील प्रमाणित फरक ०.१ पेक्षा कमी असावा, असा संकेत आहे. परिणामाची तुलना त्यानंतरच करतात.

पडताळा : विल्यम शॅडिश, एम. एच. क्लार्क व पीटर स्टायनर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४४५ विद्यार्थ्यांची यादृच्छिक विभागणी केली. २३५ जणांना गणिताचे वा शब्दसंग्रहाचे प्रशिक्षण यादृच्छिकपणे नेमून दिले. उरलेल्या २१० जणांनी ते स्वतः निवडले. पूर्वचाचणीचे गुण, विषयाची आवड अशी भरपूर माहिती वापरल्यावर दुसऱ्या गटाचे निष्कर्ष पहिल्याच्या जवळ आले. केवळ वय, लिंग यांसारख्या सहज मिळणाऱ्या माहितीवर विसंबल्यास ते तितके जुळले नाहीत.

मर्यादा : न मोजलेल्या घटकांचा प्रभाव या पद्धतीने दूर होईलच, असे नाही. प्रत्येकाला दोन्ही गटांत असण्याची काही शक्यता असणेही आवश्यक असते. प्रवणतांकावरून जोड्या लावल्याने कधीकधी असमतोल वाढतो, अशी टीका गॅरी किंग व रिचर्ड नील्सन यांनी २०१९ मध्ये केली. न मोजलेला घटक किती प्रबळ असल्यास निष्कर्ष फिरेल, हे संवेदनशीलता विश्लेषणाने अजमावतात.