मोरव्याचे पूर्वज आणि सरकारी दफ्तर

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून उत्तनच्या रस्त्याने निघाले, म्हणजे मुर्धा, राई आणि मोरवा ही आगरी वस्तीची गावे लागतात, आणि त्यांच्यापुढे डोंगरी व उत्तन ही ख्रिस्ती वस्तीची गावे थेट समुद्रापर्यंत पोचतात. खाजण, खारजमीन आणि मिठागर यांवर पिढ्यानपिढ्या निर्वाह केलेल्या या मुलखातील एखाद्या पाटलाने किंवा म्हात्र्याने आपला खापरपणजोबा कोण, हे कागदाच्या आधाराने सिद्ध करावयाचे मनात आणले, तर त्याच्यापुढे जी अडचण उभी राहते ती देशावरच्या एखाद्या वतनदाराच्या वंशजास सहसा ठाऊकही नसते. देशपांडे, कुलकर्णी, इनामदार यांच्या घरी सनदा होत्या. इंग्रजी अमलात इनाम कमिशनाने त्या तपासावयास मागितल्या, तेव्हा वतन आपल्याच घराण्याचे हे ठरविण्यासाठी त्यांना सात-सात पिढ्यांच्या वंशावळी लिहून द्याव्या लागल्या. मिठागरावर राबणाऱ्याकडे सिद्ध करण्यासारखे काही नव्हते, म्हणून त्याच्याकडून कोणी वंशावळ मागितली नाही; आणि सरकार जे मागत नाही ते दफ्तरात सापडत नाही.

ही गावे ज्यात मोडतात त्या साष्टी प्रांतावर राज्ये मात्र अनेक झाली, आणि लिहिण्याची हौस प्रत्येकालाच होती. १५३४ च्या तहाने वसईबरोबर हा प्रांत पोर्तुगीजांकडे गेला, आणि वीस वर्षांनी, १५५४ मध्ये, सिमांव बोतेल्यु नावाच्या त्यांच्या महसुली अधिकाऱ्याने आपल्या राजाच्या उत्पन्नाचा जो तपशीलवार ग्रंथ रचला, त्यात वसईच्या अमलाखालील परगणे व गावे यांच्या जमेच्या नोंदी आहेत. परंतु गावावर आकार किती, हे पाहणाऱ्या त्या दृष्टीला रयत दिसत नाही. पुढे १७३७ पासून मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली, आणि त्या मोहिमेत ज्या धारावी बेटाचे नाव पुनःपुन्हा येते ते हेच, मोरव्यापासून उत्तनपर्यंतचे. रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे जे पंचेचाळीस खंड सिद्ध केले, त्यांत या मोहिमेची पत्रे वाचावयास मिळतात. त्यांत मोर्चे आहेत, दारूगोळा आहे, कामी आलेल्यांची चिंता आहे. ज्याच्या शेतातून मोर्चा गेला त्याचे नाव शोधू नये. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली, आणि मराठी अंमल असा चाळीस वर्षांच्या आतच आटोपला. गावकऱ्याच्या वंशशोधाला या सगळ्या घडामोडींचा उपयोग थोडाच.

डोंगरीच्या ख्रिस्ती कुटुंबाची गोष्ट वेगळी. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाच्या नोंदी ठेवण्याचे बंधन प्रत्येक पाद्र्यावर घातले, आणि बाप्तिस्म्याचीही नोंदवही ठेवण्याची चाल त्यातून रूढ झाली. त्यामुळे जिथे वह्या वाळवीतून व युद्धातून वाचल्या, तिथे मूल, आई, बाप आणि धर्मपिता अशी चौघांची नावे एका ओळीत मिळतात. एकच खाडी, एकच मीठ, बहुधा एकच मूळ पुरुष. पण एका शाखेची आई कागदावर आहे आणि दुसरीची नाही. मोरव्याच्या हिंदू कुटुंबाला या जागी आधार असेल तो तीर्थोपाध्यायांचा. नाशिक-त्र्यंबकेश्वराला कोणी पूर्वज श्राद्धासाठी गेला असेल, तर गावाच्या व आडनावाच्या अनुक्रमाने लावलेल्या त्यांच्या चोपड्यांत त्याने सांगितलेली बाप-आजा-पणजा आणि भावाभावांची नावे असावयाची. मात्र तेथवर जाण्याची ऐपत ज्याला नव्हती तो या चोपड्यांतूनही गळतो.

उरते ते महसुली दफ्तर, आणि त्याचा स्वभाव एकदा ओळखला म्हणजे अर्धे काम झाले. या दफ्तरात माणूस शोधावयाचा नसतो, शेत शोधावयाचे असते. माणसे शेताला लटकलेली असतात. सातबाऱ्यावरून मागे जावे तर फेरफारांचे क्रमांक मिळतात, त्या क्रमांकांवरून गाव नमुना सहाची जुनी पुस्तके काढावी लागतात, आणि तसेच हिस्स्याहिस्स्याने मागे सरकत विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झालेल्या हक्कनोंदणीपर्यंत पोचता येते, कारण या प्रांतात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला आणि १९१३ मध्ये तो सुधारला गेला. त्याच्याही मागे गेले की पाहणीच्या वेळचे आकारबंद. वाटेत सर्व्हे नंबर फुटतात, पोटहिस्से पडतात, जुन्या नंबराला नवा नंबर मिळतो. हे सांधे ज्याला जुळविता येत नाहीत त्याने तलाठ्याशी सलोखा ठेवावा हे बरे.

एखादी जुनी वारसनोंद जवळून पाहावी. ‘अमुक बिन तमुक, आगरी, मयत, वारस मुलगा फलाणा, ए. कु. मॅ.’ एवढ्याच मजकुरावर कुटुंबाची एक पिढी संपते आणि दुसरी सुरू होते. आडनाव बहुधा नसतेच. बापाचे नाव आणि जात एवढ्यावर माणसाची ओळख भागते, आणि गावात त्याच नावाचे दोघे असले तर कोणता आपला, हे शेजारच्या शेताच्या चतुःसीमेवरून ठरवावे लागते. त्याहून घातक ती तीन अक्षरे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचे एकट्याचे नाव लागले, की धाकटे चार भाऊ वहिवाटीत असूनही कागदावरून पुसले जातात, आणि पुढे त्यांच्या नातवंडांना आपण याच घराण्यातले हे सांगण्यास साक्षीदार धुंडाळावे लागतात. बायका दिसतात त्या विधवा झाल्यावर: ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, या शब्दाच्या पुढे नवऱ्याचे नाव, मागे स्वतःचे, आणि माहेरचा पत्ता नाही.

ज्याच्या नावावर जमीनच नव्हती त्याचे काय? शेजारच्या भाईंदर, मीरा व घोडबंदर या गावांचा पट्टा सरकारने १८७० मध्ये रामचंद्र लक्ष्मण यांस ९९९ वर्षांच्या कराराने दिला होता. अशा ठिकाणी कसणारा वर्षानुवर्षे कुळ म्हणूनच राहतो आणि आढळला तर ‘इतर हक्क’ या रकान्यात आढळतो. मला विचाराल तर वंशशोधकाने या रकान्याकडे मालकाच्या रकान्यापेक्षा अधिक आदराने पाहावे. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने त्याला वाचा फुटली. कलम ३२ ग खालच्या चौकश्यांत कुळांनी दिलेले जबाब म्हणजे, बाप कधीपासून कसत होता, आजा कधी वारला, भाऊ किती, हे त्यांच्याच तोंडून उतरून घेतलेले कौटुंबिक इतिहासच होत.

गाव नमुना चौदा, म्हणजे लोकांच्या तोंडचे कोतवाल बुक, हे जन्ममृत्यूचे दफ्तर. त्यात जमिनीची अट नाही, म्हणून भूमिहीनाचा तोच मोठा आधार. पण कोतवाल जन्माची वर्दी देई तेव्हा बारसे झालेले नसे, आणि नोंदीत बापाचे नाव, जात व ‘मुलगा’ एवढेच राही. तोच मुलगा आपला आजोबा, हे शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातील जन्मतारखेशी पडताळून ठरवावयाचे. शिवाय जुनी पाने मोडीत. आधी आडवी रेघ मारून तिच्याखाली लेखणी न उचलता भरधाव ओढलेली ती अक्षरे आज वाचणारे थोडे, आणि त्यांचा भाव अलीकडे वधारला आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा राज्यभरच्या कचेऱ्यांतून मोडीवाचकांची शोधाशोध झाली. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, म्हणून आगरी कुटुंबेही त्या तारखेच्या अलीकडचे कागद बाजूला सारून पलीकडचे शोधीत बसतात. पूर्वजांविषयीची जिज्ञासा बऱ्याचदा अशी दाखल्याच्या खिडकीपाशी जागी होते, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. वतनदारांनी तरी दुसरे काय केले होते?

मेट्रो मार्ग ९ ची कारशेड राई, मुर्धा आणि मोरवा येथे बांधण्याचा बेत झाला होता. ग्रामस्थांनी विरोध केला, आणि पुढे ती डोंगरीकडे न्यावयाचे ठरले. भूसंपादनाचे नाव निघाले की घरोघर पत्र्याच्या पेट्या उघडतात, भाऊबंदांची बैठक बसते, कोणाचा हिस्सा किती यावर वाद होतात आणि त्या वादातून पाचसहा पिढ्यांचा वंशवृक्ष कागदावर उतरतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीलाही जन्मतः सहदायाद मानले, त्यामुळे या नव्या वृक्षांच्या खालच्या फांद्यांवर मुलींची नावे सासरच्या आडनावांसह लिहिलेली असतात. वरच्या फांद्यांवर मात्र त्या विरळ होत जातात. तिथे पणजीचे माहेर हुडकावयाचे, तर घरातल्या वृद्धेला आधी गावाचे नाव विचारावे, आणि मग त्या गावचे कोतवाल बुक मागावयास ठाण्याला अर्ज करावा.