चाक थांबवण्याची विद्या



चाकाचा शोध कोणी लावला, हा प्रश्न आपण सर्वांनी शाळेत एकदा तरी ऐकलेला आहे. पण फिरते चाक थांबवायचे कसे हे माणूस केव्हा शिकला, असे सहसा कोणी गुरुजी विचारीत नाहीत. वास्तविक हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोलाचा आहे. चाक फिरले नाही तर फार तर आपण घरी राहू. पण ते वेळेवर थांबले नाही तर कदाचित घरी परतणारच नाही. आज या थांबवण्याच्या विद्येचा, म्हणजे ब्रेकचा, थोडा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. तो बराचसा आपल्या घाटांत आणि मुंबईच्या गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांत घडला आहे, आणि त्यातला शेवटचा छोटा भाग मी स्वतः पाहिलेला आहे.

बैलगाडीपासून सुरुवात करू. चढावर बैलांना गाडी ओढावी लागते हे आपण जाणतोच. उतारावर गंमत उलटी होते. गाडीच बैलांना ढकलू लागते, जू मानेवरून पुढे सरकते आणि बैल घाबरतात. मग गाडीवान कासरा खेचतो, चाकाला लाकूड दाबून धरतो, नाहीतर मागे एखादा ओंडका बांधून तो फरफटत नेतो. हा झाला आपला जुना ब्रेक. लाकूड धावेवर घासते, तापते, कधी कधी धूरही निघतो. पुढच्या सगळ्या ब्रेकचे मर्म या धुरातच आहे. ब्रेक गती नाहीशी करीत नाही, तिची उष्णता करतो. ती उष्णता कोठे न्यायची, हाच या विद्येतला खरा प्रश्न.

बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली. त्याआधी घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरत असे. पुढे १८६३ साली त्याच घाटातून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे धावू लागली. तिचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र होता. त्या काळी डब्यांचे ब्रेक हाताने आवळावे लागत आणि त्यासाठी गाडीवर माणसे नेमलेली असत. एवढ्यावर विसंबता येत नाही हे ओळखून इंजिनिअरांनी घाटात ठिकठिकाणी चढावर जाणारे जादा रूळ टाकले. गाडी हाताबाहेर गेली तर तिला त्या रुळांवर वळवायचे. चढावर तिचा वेग आपोआप मरतो. डोंगराचाच ब्रेक केला, म्हणा ना! पुढे एका नळीने सगळ्या डब्यांचे ब्रेक एकदम लावण्याची युक्ती निघाली. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने १८६९ साली दाबलेल्या हवेचा ब्रेक आणला. आपल्या रेल्वेवर दीर्घकाळ व्हॅक्यूम ब्रेक, म्हणजे हवा काढून घेऊन चालणारा ब्रेक, वापरात होता. अशा कामांत तरबेज असलेल्या कारागिरांच्या पिढ्या परळच्या रेल्वे कारखान्यांत तयार झाल्या.

शहरातली गोष्ट थोडी वेगळी. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०७ साली विजेची. लालबाग-परळवरून दादरकडे ट्रामने गेलेली वडीलधारी मंडळी अजून तिच्या घंटेची आठवण काढतात. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. ट्रामला रूळ होते, घाट नव्हता, आणि तिची चाल संथ होती. मोटार आली तेव्हा मात्र प्रश्न पुन्हा उभा राहिला. आता वेगही होता, घाटही होता, आणि रूळ नव्हते.

मोटारीचे पहिले ब्रेक बैलगाडीचेच भाईबंद होते. हर्बर्ट फ्रूड नावाच्या एका इंग्रज गृहस्थाची गोष्ट सांगतात. उतारावर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट ठोकतात हे त्याने पाहिले, आणि त्यावरून घर्षणासाठी खास अस्तर करण्याची कल्पना त्याला सुचली. आपले मेकॅनिक ज्याला ‘लायनर’ म्हणतात तो हाच. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनॉ याने ड्रम ब्रेक आणला. त्याच वर्षी इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर याने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. ड्रम लगेच रुळला. डिस्कला मात्र पन्नास वर्षे थांबावे लागले. १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली, तेव्हा जगाचे डोळे उघडले.

या दोहोंतला फरक समजावून घेऊ. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे पातेले. त्याच्या आत दोन अर्धगोल ‘शू’ असतात. पायाने पेडल दाबले की ते पसरतात आणि पातेल्याला आतून घासतात. डिस्क म्हणजे उघडी थाळी. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे पॅड धरतात. पातेल्यातली उष्णता आत कोंडते. ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर जातो, लायनरची पकड कमी होते. थाळीला मात्र चोहोंकडून वारा लागतो.

ही उष्णता किती, याचा हिशेब शिक्षकांनी मुलांकडून जरूर करवून घ्यावा. माणसांसह २,००० किलो वजनाची जीप ५०० मीटर उंचीचा घाट उतरली, तर जवळजवळ ९८ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने सुमारे ३१ लिटर, म्हणजे दोन बादल्या पाणी उकळीला येईल! ड्रायव्हरने गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर यातला मोठा वाटा इंजिन सोसते. न्यूट्रल करून उतरला तर जवळजवळ सगळा भार त्या चार पातेल्यांवर पडतो. वेगाचेही तसेच. ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटर वेग झाला की ब्रेकचे काम दुप्पट नव्हे, चौपट होते.

आता जीपकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने चारही चाकांना जोर देणाऱ्या या गाड्या सहा लाखांहून अधिक बनवल्या. १९४५ साली मुंबईत निघालेली महिंद्र आणि महंमद ही कंपनी १९४८ साली महिंद्र आणि महिंद्र झाली. सुटे भाग परदेशातून आणून तिने माझगावात जीप जोडण्यास आरंभ केला. तेथून ही गाडी खेड्यापाड्यांत पोचली. मामलेदार, डॉक्टर, साखर कारखान्याचे अधिकारी, निवडणुकीचे उमेदवार, कोणाला ती नको होती? तिचे ब्रेक मात्र नऊ इंची ड्रमचे होते. तेलाचा मार्गही एकच. एका चाकाशी गळती लागली की चारही चाकांचा ब्रेक जाई. हलक्या फौजी गाडीला हे पुरत होते. आपण तिच्यात दहा-बारा माणसे, वर टपावर पोती भरली. मग?

माझे एक मामा लालबागच्या एका गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि इतर हजारोंप्रमाणे त्यांचीही नोकरी गेली. ते पाटणकडे गावी गेले आणि त्यांनी एक जुनी डिझेल जीप घेतली. वीसएक वर्षांपूर्वी कुंभार्ली घाट उतरताना तिचे पेडल सरळ तळाला गेले. ब्रेकचे तेल कित्येक वर्षे बदललेले नव्हते. हे तेल हवेतला ओलावा पीत राहते. ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण दाब पुढे नेत नाही. मामांनी गिअर खाली आणत गाडी डोंगराच्या बाजूला घासली आणि थांबवली. आत नऊ माणसे होती, त्यांत माझी आई होती. कोणाला इजा झाली नाही. पण त्या रात्री मामा जेवले नाहीत.

पुढल्याच आठवड्यात ते मुंबईस आले. मी नुकताच कॉलेजात नोकरीला लागलो होतो. मला घेऊन ते गिरगावात ऑपेरा हाउसच्या बाजूला मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांतून दिवसभर हिंडले. पुढच्या चाकांसाठी डिस्क, कॅलिपर, दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर अशी खरेदी झाली. मी म्हणालो, “मामा, गॅरेजवाल्याकडं द्या की.” ते म्हणाले, “अरं, तीस वर्षं लोकांची मशिनं जोडली. ही तर माझी स्वतःची हाय.”

दोन दिवसांचे काम तीन आठवडे चालले. पहिली अडचण बूस्टरची. ड्रममध्ये शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपणहून अधिक घट्ट बसतो. डिस्कला ती मदत नसते, म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर हवा. तो व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम आयता मिळतो, डिझेलला त्यासाठी निराळा पंप लागतो. तो बसवला. मग गाडी अर्धा मैल नेली तो पुढची चाके हात लावू नये इतकी तापली. पेडल सोडले तरी पॅड थाळी सोडीत नव्हते. मामांनी दोन दिवस विचार केला. ड्रमसाठी तेलात थोडा दाब नेहमी राखून ठेवणारी एक झडप असते. मिळालेल्या सिलिंडरात ती पुढच्या मार्गावरही होती. ती काढली आणि चाके मोकळी झाली. शेवटी नळ्यांतली हवा काढली. मी पेडल दाबून धरायचे, मामांनी चाकाशी निपल सैल करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. आरंभ सर्वांत लांबच्या चाकापासून. चाचणी आधी मोकळ्या माळावर झाली, घाटात नव्हे. मागची चाके पुढच्यांच्या आधी अडकत नाहीत ना, हे त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले. कारण मागची आधी अडकली की गाडी गिरकी घेते.

एक चूक मात्र आमच्याकडून झाली, ती सांगितलीच पाहिजे. जुने ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ मामा तोंडाने फुंकून उडवीत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसात बसली की वर्षानुवर्षांनी जीवघेणे रोग होतात. गिरणीत कापसाची धूळ खाल्लेल्या माणसाला हे कोणी तरी सांगायला हवे होते. शिकलेला भाचा शेजारी उभा असून त्यालाही ठाऊक नव्हते. आपण असे करू नका. धूळ ओल्या फडक्याने पुसा, तोंड बांधा, हवेचा झोत मारू नका.

मग घरी हे काम करावे का? माझे उत्तर असे: ज्याने मशीन जाणले आहे आणि जो घाई करीत नाही, त्याने करावे, इतरांनी जाणकाराच्या हाताखाली करावे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची बंधने आहेत, तेव्हा आधी आर.टी.ओ.त विचारून घ्यावे. आणि ज्याला काहीच बदलायचे नाही, त्याने निदान ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलावे, त्यात दुसरे कोणतेही तेल घालू नये, घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा, आणि टपावरची दोन पोती खाली ठेवावीत. याला खर्च फार नाही.

काम संपल्यावर मामांनी पहिल्यांदा घाट उतरला तो एकट्यानेच. दुसऱ्या दिवशी ते आईला न्यायला आले. ती थोडी बिचकली होती. मामांनी दार उघडून धरले आणि एवढेच म्हणाले, “आक्का, बस. आता थांबती गाडी.” आई बसली.