घरोघरची शिवराई



जुन्या घराच्या देवघरांत किंवा फडताळांत एखादें जाडजूड, काळवंडलेलें तांब्याचें नाणें हटकून सांपडतें. मग कोणी म्हणतो, "हें लाखाचें धन", कोणी म्हणतो, "मोडींत घाला." दोन्ही मतें सारखींच घातक आहेत. पहिल्यानें लोभ वाढतो. दुसऱ्यानें इतिहासाचें एक साधन भट्टींत जातें.

महाराष्ट्रांत असें नाणें पुष्कळदां शिवराई असतें. एका बाजूस तीन ओळींत 'श्री - राजा - शिव', दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र - पति', आणि भोंवतीं ठिपक्यांचें वर्तुळ, ही तिची ओळख. हा सर्व मजकूर एकाच नाण्यावर क्वचितच दिसतो. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान. हातोड्याचा घाव बसतांना ठशाचा जेवढा भाग चकतीवर येई, तेवढाच उमटे. तेव्हां अपुरीं अक्षरें हा दोष नव्हे. ती त्या काळच्या टांकसाळीची खूण आहे.

६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन थोड्यांच्याच हातीं गेला. शिवराई मात्र बाजारांतल्या कुणब्याच्या आणि बलुतेदाराच्या कनवटीला पोहोंचली. भोंवतालच्या मोगली व आदिलशाही नाण्यांवर फारसी लिपि असतांना ह्या तांब्याच्या तुकड्यावर देवनागरी अक्षरें होतीं. नव्या राज्याची द्वाही फिरवण्याचें काम ह्या हलक्या नाण्यानेंच अधिक केलें.

परंतु नांव शिवछत्रपतींचें म्हणून नाणें त्यांच्याच कारकीर्दींतलें, असें समजूं नये. पुढील छत्रपतींच्या व पेशव्यांच्या अमलांतहि हाच मजकूर चालूं राहिला. गंमत अशी कीं, पेशवाईंतील चांदीच्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचें नांव फारसींत असे, आणि तांब्यावर शिवरायांचें! जुनी शिवराई सामान्यतः वजनदार, ठसठशीत अक्षरांची. नंतरच्या अनेक नाण्यांत वजन घटलेलें व अक्षरें बेढब झालेलीं दिसतात. 'छत्र' आणि 'पति' ह्यांच्या मधें दोन आडव्या रेघा असल्यास ती 'दुदांडी' शिवराई. ती उत्तरकालीन होय. कांहीं दुदांडींवर फसली सनाचे आंकडे असतात. त्यांत ५९० मिळविले कीं इसवी सन येतो: फसली १२३० म्हणजे इ. स. १८२०, अर्थात् पेशवाई बुडाल्यानंतरचा कंपनीचा अमल. १८३५ सालीं कंपनीनें सर्व मुलखासाठीं एकच चलन ठरविलें आणि शिवराईचे दिवस भरत आले.

आतां मोलाविषयीं. शिवराया अगणित पाडल्या गेल्या, म्हणून साधी, झिजलेली शिवराई दुर्मिळ नाहीं. किंमत वयावर ठरत नाहीं. मजकूर किती पूर्ण आहे, ठसा कोणत्या धाटणीचा आहे, झीज किती, ह्यांवर ठरते. ओतीव नकलाहि विकल्या जातात. कडेवरील सांधा आणि पृष्ठभागावरील बारीक छिद्रें पाहावीं.

चिंच, राख किंवा आम्ल लावून नाणें लखलखीत करूं नये; त्यानें अक्षरांच्या कडा जातात व मोलहि जातें. नाणें कोठें व कशाबरोबर मिळालें, हें चिठीवर लिहून जवळ ठेवावें. जमिनींत पुरलेला सांठा सांपडल्यास १८७८ च्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणें आवश्यक आहे.

बखरकाराची लेखणी राजवाड्यापाशीं अडते. शिवराई बाजारांत, शेतांत, देवापुढील ताटांत फिरली. तिच्यावरील अक्षरें पुसूं न देणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.