नुकसानभरपाई, मोटार अपघातांतील
मोटार अपघातात इजा झालेल्या व्यक्तीस अथवा मृताच्या आश्रितांस द्यावयाची रक्कम. मृत्यूबाबतचे दावे पूर्वी १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमानुसार दिवाणी न्यायालयात चालत. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९८२ च्या दुरुस्तीने चालकाचा दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल १५,००० रु. देय ठरले. १९९४ पासून दावेदारास आपल्या निवासक्षेत्रातील न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो, त्यामुळे दूरच्या महामार्गावर कर्ता माणूस गमावलेल्या, कडावसारख्या (ता. कर्जत, जि. रायगड) गावातील कुटुंबाची परगावची खेप टळते.

रकमांतील विषमता कमी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा खटल्यात (२००९) वयानुसार गुणक निश्चित केले. मृताच्या वार्षिक उत्पन्नातून त्याचा वैयक्तिक खर्च वजा करून उरलेल्या रकमेस या गुणकाने गुणतात. २६ ते ३० वयोगटासाठी तो १७ आहे. प्रणय सेठी खटल्यात (२०१७) घटनापीठाने स्वयंरोजगार करणाऱ्यांच्या भावी उत्पन्नवाढीचे प्रमाणही ठरवून दिले. तथापि गुणाकार अचूक असला, तरी मूळ उत्पन्नाचा आकडा सिद्ध करावा लागतोच. शेतमजुराजवळ वेतनाची पावती क्वचितच असते. गृहिणीला तर वेतनच नसते. तिच्या श्रमाचे मूल्य केवळ उपकार म्हणून नव्हे, तर न्याय म्हणून धरावे, ही भूमिका न्यायालयाने कीर्ती खटल्यात (२०२१) दृढ केली.