किर्लोस्कर नांगर
किर्लोस्कर नांगर : लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगाव येथे तयार केलेला लोखंडी नांगर. लक्ष्मणरावांनी १८८८ मध्ये तेथे सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे व १९०३ च्या सुमारास नांगर बनविण्यास प्रारंभ केला. बाजारात परदेशी लोखंडी नांगर होतेच. परंतु बहुसंख्य शेतकरी लाकडी नांगर वापरीत. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत असल्याने पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. स्पर्धा अशा रीतीने परदेशी मालापेक्षा परंपरागत समजुतीशीच अधिक होती. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानाधिपतींनी दिलेल्या जमिनीवर १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळ कारखाना हलविण्यात आला व किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आयात घटल्याने देशी नांगरांना मागणी वाढली. कारखान्याची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविण्यासाठी १९२० मध्ये किर्लोस्कर खबर हे नियतकालिक निघाले. तेच पुढे किर्लोस्कर मासिक झाले. शेतकऱ्याचा विश्वास संपादन केल्याविना सुधारित अवजाराचा प्रसार होत नाही, हे या नांगराच्या इतिहासावरून स्पष्ट होते.